चिंध्याही भाड्याने!

गाडगेबाबांचा पोशाख आता भाड्याने मिळतो. तालुक्याच्या गावात वेशभूषेचं दुकान असतं; तिथे शिवराय, झाशीची राणी, राधा-कृष्ण, पोलीस आणि डॉक्टर यांच्या शेजारी हँगरला बाबाही टांगलेले असतात. कोऱ्या पॉलिस्टरवर मशीन मारून लावलेली ठिगळं, तीही एकाच मापाची. सोबत प्लास्टिकचं गाडगं. भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, आणि कपड्याला डाग पडला तर डिपॉझिट कापलं जातं. म्हणजे गाडगेबाबा झालेल्या लेकराने खराटा मारायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, धुळीच्या जवळ जायचं नाही. माईकसमोर उभं राहून स्वच्छतेवर चार वाक्यं म्हणायची आणि उतरायचं.

मला याचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

बाबा आपल्या वऱ्हाडातले. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला त्यांचा जन्म झाला. त्यांच्या अंगावर जे होतं ते सगळं लोकांनी टाकून दिलेलं होतं. चिंध्या जोडून केलेला अंगरखा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा. हा वेश करायला आपल्या घरात काय कमी आहे? बापाचा विटलेला सदरा आहे. आजीच्या बोचक्यात लुगड्याचे तुकडे आहेत. खराटा दारामागे उभाच आहे. सुई-दोरा घेऊन लेकराला शेजारी बसवायचं, चार ठिगळं आपण लावायची, दोन त्याच्याकडून लावून घ्यायची. त्याचं ठिगळ वाकडं येईल. येऊ द्या. आणि टाका घालता घालता ते विचारेल, बाबा असे कपडे का घालायचे? हा प्रश्न भाड्याच्या पोशाखातून कधीच निघत नाही, कारण तो पोशाख अंगावर चढतो तेव्हा घरातले सगळे घाईत असतात.

ही घाई कोण लावतं? दोष आधी शाळांचा. वर्षभरात वेश करायचे दिवस थोडेथोडके नाहीत. आषाढीला विठ्ठल-रखुमाई, गोकुळाष्टमीला कृष्ण, १५ ऑगस्टला भारतमाता आणि भगतसिंग, १४ नोव्हेंबरला चाचा नेहरू, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, १९ फेब्रुवारीला शिवराय, चार दिवसांनी गाडगेबाबा. या सगळ्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात वर्षभर आधीच छापलेल्या असतात. तरी निरोप येतो आदल्या दिवशी दिवेलागणीला, व्हॉट्सॲपच्या गटावर: उद्या वेशभूषा स्पर्धा, सर्वांनी सहभाग घ्यावा, फोटो काढले जातील. आई शेतातून किंवा ड्यूटीवरून येते तोवर बाजार उठायला आलेला असतो. ‘आता रातच्याले कुठून आणू व माय जिजाऊ?’ ही ओरड मी कितीतरी ओट्यांवर ऐकली आहे. ती बाई दुकानात धावते, यात तिची काहीच चूक नाही. तिला धावायला लावणारा निरोप चुकीचा आहे.

आणि बक्षीस कोणाला? ज्याच्या अंगावर जास्त चकाकी त्याला. परीक्षक पाहुणे म्हणून आलेले असतात, त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं. लेकराला एकही प्रश्न विचारला जात नाही. घरी शिवलेला अंगरखा घालून आलेली पोरगी मागच्या रांगेत उभी राहून दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवते. पुढच्या वर्षी ती आईला म्हणते, मला दुकानातलाच आण. एका बक्षिसाने एवढं शिकवून होतं.

आता ३१ ऑक्टोबरचं हॅलोविनही मोबाइलमधून आपल्याकडे उतरलंय. कुठे एखाद्या इंग्रजी शाळेत, कुठे सोसायटीत प्लास्टिकचा भोपळा, चेटकिणीची काळी टोपी, रबरी सुळे. त्यावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरांची मौज आहे, करू द्या. दुसरा म्हणतो, परक्यांची थेरं आपल्याला कशाला? या दुसऱ्या तटाशी मला भांडायचंय. परकं म्हणून हॅलोविनवर तुटून पडणाऱ्या घरात पोळ्याचा बैल प्लास्टर ऑफ पॅरिसचा असतो, आकाशकंदील प्लास्टिकचा असतो, दारचं तोरण प्लास्टिकच्या झेंडूचं असतं. सण आपला, आणि त्यातली एकही वस्तू आपल्या हातची नसते. दुखणं परक्याचं नाही, आयत्याचं आहे.

हॅलोविन मुळात आयर्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांचं. सुगी संपून हिवाळा लागायच्या वेशीवरची ती रात्र. पोरं घरातले जुने कपडे उलटसुलट चढवायची, तोंडाला काजळी फासायची, दारोदार जाऊन गाणं म्हणायची आणि बदल्यात सफरचंद, सुकामेवा, एखादं नाणं घेऊन यायची. दिवा करायचा तो सलगम कोरून. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली. तिथे भोपळा मुबलक होता आणि कोरायला सोपा, म्हणून सलगमाच्या जागी तो आला. पुढे १९३७ मध्ये न्यूयॉर्कला बेन कूपर नावाची कंपनी निघाली आणि खोक्यात घातलेले तयार मुखवटे आणि पोशाख तिने घरोघर पोचवले. म्हणजे आपल्याकडे आज जे चाललंय ते तिथे आपल्या आजोबांच्या वेळीच होऊन गेलं. आपल्याकडे आलं ते खोकं. काजळी आणि सलगम तिकडेच राहिले.

सुगीचे दिवस, संध्याकाळची वेळ, पोरं दारोदार, गाणं आणि त्याच्या बदल्यात खाऊ. हे वाचून वऱ्हाडातल्या बाईला भुलाबाई आठवली नाही तर नवल.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिचा शेवटचा दिवस. महिनाभर पोरींचं राज्य. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे, पलीकडे खानदेशात, शेजारी अकोल्याकडे, सगळीकडे ती ओळखीची. मातीची भुलाबाई, मातीचे भुलोजी, सोबत गणपती. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि मग खाऊ ओळखायचा खेळ. झाकण लावलेला डबा मध्ये ठेवलेला. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? वाजवून बघायची मुभा, वास घ्यायची नाही. ओळखेपर्यंत झाकण निघत नाही, आणि ज्या घरचा खाऊ कोणालाच ओळखता आला नाही त्या घरची आई दुसऱ्या दिवशी गल्लीत मान वर करून चालते.

या सणाच्या पोटात वेशांतराचीच गोष्ट आहे. सारीपाटात शंकर सगळं हरला, रुसून रानात निघून गेला. तेव्हा पार्वतीने भिल्लिणीचा वेश घेतला आणि त्याला परत आणलं, अशी कथा सांगतात. वेश घेण्यात खेळ आहे, डोकं आहे आणि माया आहे, हे आपल्या पोरींना इतकं लहानपणी आणि इतक्या सहज कळत होतं. हॅलोविनवाल्यांकडे इतकी चांगली गोष्ट आहे का, मला शंका आहे.

मूर्ती कुंभाराकडून आणणारी घरं पुष्कळ होती, आजही आहेत, त्यात गैर काही नाही. कुंभार गावचा, त्याची माती गावच्या शिवारातली. साच्यातल्या पीओपीने पहिला घास त्याचाच घेतला. बाकी मांडामांड पोरींची. कोनाडा सारवायचा, मागे खडूची नक्षी, कागदाच्या झिरमिळ्या, चिंध्यांच्या माळा, आणि कोजागिरीला नव्या ज्वारीच्या धांड्यांची खोपडी. ती खोपडी बांधताना धांड्याचं जे कसब हाती यायचं ते फार मोलाचं. धांडा सोलायचा म्हणजे वरची चोयटी अखंड निघाली पाहिजे आणि आतलं भेंड तुटता कामा नये. जोर जास्त झाला की चोयटी बोट कापते, कमी झाला की मध्येच फाटते. मग भेंडाच्या तुकड्यात चोयटी टोचायची. सांधा पक्का. गोंद लागत नाही, खिळा लागत नाही. याच दोन गोष्टींतून गावच्या पोरांनी चष्मे केले, गाड्या केल्या, गाडीला चाकं केली, चाकं फिरतील असे आस केले. भेंड किती दाबलं तर चोयटी धरतं आणि किती दाबलं तर फुटतं, हे पुस्तकात छापता येत नाही. ते अंगठ्याला कळतं.

‘आम्हाला कुठे येतं पोशाख करायला?’ असं कोणी म्हणालं की मी महालक्ष्म्यांची आठवण करून देते. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा आपल्या घरी बसतात. लोखंडी कोठीचं नाहीतर स्टँडचं धड, कापूस भरलेले कापडी हात, वर मुखवटा. त्याला साडी नेसवायची. निऱ्या चुरगळता कामा नयेत, दोघींच्या सारख्या पडल्या पाहिजेत. पदर खांद्यावरून असा काढायचा की काठ समोर दिसेल आणि टाचणी दिसणार नाही. कंबरपट्टा बसवायचा तो कोठीचा पत्रा झाकूनही साडीला बोचणार नाही असा. समोर बाळं, त्यांना अंगडं-टोपडं. हे सगळं एका रात्रीत, सोळा भाज्यांच्या निवडणीतून वेळ काढून, आणि शेजारीण येऊन ‘अगदी बोलायला लागेल’ म्हणेपर्यंत समाधान नाही. ज्या बाईला पत्र्याच्या कोठीतून देवी उभी करता येते, तिला आपल्या हाडामांसाच्या लेकराचा वासुदेव उभा करता येत नाही, हे मी कधीच मान्य करणार नाही. हात आहेत. वर्षातून तीन दिवस त्यांना मान आहे, बाकीच्या दिवसांत तेच हात आपण अडाणी समजतो.

पोळ्याचंही तेच. श्रावणी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकायची, लोणी-हळद लावायची, बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, आणि मग साज काढायचा. त्या साजाची सुरुवात मात्र मागच्या हंगामातच झालेली असे. अंबाडी कापायची, पेंढ्या नाल्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या, साल कुजून सुटली की सोलून, आपटून, धुऊन वाळवायची. त्या वाखाला आपल्या हाताला सुटत नाही असा वास येतो; चांगला म्हणता येणार नाही, पण पोळ्याचा वास तोच. वाख गुलाबी-हिरव्या रंगात बुडवला की त्याच्या मोरख्या, गोंडे, कासरे. आता बाजारात नायलॉनच्या मोरख्या आणि प्लास्टिकच्या माळा आहेत. बैल कमी झाले हे खरं, ट्रॅक्टरची खांद शेकता येत नाही हेही खरं. पण ज्याच्या दारात अजून जोडी आहे त्यानेही नायलॉन का घ्यावा? तो बैलाच्या कातड्याला काचतो, त्याने घाम पिला जात नाही. अंबाडी धुऱ्यावर उगवते, तिची भाजी आपण खातो आणि तिच्या काड्या फेकून देतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा खास पोरांचा. त्याची सुरुवात नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांकडे नेतात आणि पूर्व विदर्भात त्याचा थाट मोठा आहे. लाकडी नंदी ओढत, वेश करून पोरं दारोदार जातात आणि बोजारा घेऊन परततात. नंदी लाकडाचा नसेल तर मातीचा करावा. आपली काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात पिंजलेला कापूस मळायचा, पाय तुराटीच्या काडीवर चढवायचे आणि शिंगांच्या जागी बाभळीचे काटे. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चाललंय. बांबू, कागद, जुनं कापड आणि खळ एवढ्यावर. लोकांना त्या वर्षी जे छळतं त्याचा बडग्या करून गल्लीबाहेर काढायचा. महागाई, टंचाई, भ्रष्टाचार, जे असेल ते. आयत्या वस्तूंच्या या दिवसांतही बडग्या कुठल्या दुकानात मिळत नाही, कारण यंदाचं दुखणं कुठल्याही कारखान्याला आधी ठाऊक नसतं. ते गल्लीलाच ठाऊक असतं आणि गल्लीलाच घडवावं लागतं. मला विदर्भाच्या सगळ्या सणांत हा सण जास्त जिवंत वाटतो तो यासाठी.

दिवाळीही दाराशी आली आहे. अंगणात शेणाच्या गवळणी करणाऱ्या पोरी अजून आहेत, त्यांना शेणात हात घालू द्या. कामट्या आणि पतंगी कागदाचा कंदील एका दुपारचं काम आहे. यावर जास्त लिहायला नको, करायला घ्या.

आणि ते पॉलिस्टर! आपला बुलढाणा जिल्हा कापसाचा. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला तो खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी, आणि तो उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कापसासाठी जिथे व्हाइसरॉय आला, तिथलं लेकरू जिजाऊ व्हायला अंगाला खाज सुटेल असं चमचमतं कापड घालतं. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला गेलेल्यांना ठाऊक आहे. १५९८ मध्ये लखुजीराव जाधवांच्या वाड्यात जिजाऊ जन्मल्या, आणि त्या दिवशी तिथे माणसांचा पूर लोटतो. त्या गर्दीत कडेवर, खांद्यावर, बापाचं बोट धरून छोट्या जिजाऊ आणि बाल शिवबा दिसतात. कपाळावर चंद्रकोर, नऊवारीचा घोळ आवरत चालणारी पाच वर्षांची जिजाऊ बघितली की माझा ऊर भरून येतो. म्हणूनच तिच्या अंगावर आजीच्या लुगड्याचं मऊ सुती कापड असावं असं मला वाटतं, आणि सोबतच्या शिवबाच्या डोक्यावर घरचा जिरेटोप.

जिरेटोप घरी होतो. डोक्याचा घेर सुतळीने मापायचा. वहीच्या जाड पुठ्ठ्याची तीन बोटं रुंद पट्टी त्या मापाने जोडायची. जोडाला टाचणी नको, टाका घाला, नाहीतर कपाळाला टोचेल. वर जुन्या बनियनचं कापड ताणून शिवायचं आणि आत कापूस भरायचा, मागे जास्त, पुढे कमी, म्हणजे उतार नीट येतो. सरकी काढलेला कापूस घ्यावा. सरकी राहिली तर टोप एका बाजूला कलतो. मग लुगड्याच्या लांब पट्ट्या काढायच्या, पण कात्रीने कापू नका, फाडा. फाडलं की कापड दोऱ्यात दोरा धरून सरळ जातं आणि त्या आवाजाने लेकरू खूश होतं. पट्टीला हलका पीळ देत तिरकी गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढलेला. मध्ये मध्ये आतून एक लपता टाका. हे काम लेकराकडे द्या, त्याचे बोटभर हात आत सहज जातात. शेवटी लुगड्याचा काठ कपाळावर बसवायचा आणि तुटलेल्या मोत्याच्या माळेचा तुरा एका अंगाला लोंबता सोडायचा. एका बैठकीत हे होत नाही. रोज संध्याकाळी थोडं करायचं. तेवढ्या दिवसांत पोरगं शिवरायांबद्दल जेवढे प्रश्न विचारतं तेवढे चौथीचं पुस्तक वाचताना विचारत नाही.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. ऑक्टोबरपासून बायका सोयाबीन सोंगतात, मग कापूस वेचतात. सकाळी भाकर बांधून गेलेली बाई दिवस बुडाल्यावर परतते, बोटांना बोंडांची टोकं लागलेली असतात. तिला मी आणखी एक काम सांगायला तयार नाही. पण घरात बाप आहे. सुतळी, तार, कामटी, खिळा हे त्याच्या रोजच्या हाताखालचं. मोरखी वळणाऱ्या हाताला मावळ्याचा कंबरपट्टा वळता येतो. वेशभूषा हे आईचंच खातं असं कुठल्या गॅझेटात छापून आलंय? स्पर्धेच्या दिवशी लेकराला खांद्यावर घेऊन फोटो काढायला बाप पुढे असतो, तसा आदल्या आठवड्यात सुईत दोरा ओवायलाही पुढे यावा.

आणि या कामाची हक्काची जागा शाळा आहे. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आहे. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, परीक्षा लांब असली तरी इंग्रजीला जातो. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच विदर्भात, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली. हाताच्या कामातून शिकवावं हा तिथला विचार झाकीर हुसेन समितीने पुढे मांडला. वर्धा काही परदेशात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या पोरांना दप्तराविना दहा दिवस द्यावेत, त्यांनी सुतार, कुंभार, कलावंत अशा गावच्या माणसांकडून शिकावं, असं लिहिलंय. कागद तयार आहे. सुईला कोणी हात लावत नाही.

त्या दहा दिवसांतला एक दिवस रायरंदाला द्या. बहुरूपी म्हणा, आपल्याकडे रायरंद म्हणतात. आज फौजदार, उद्या साधू, परवा सावकार. दारात उभं राहून खोटं वॉरंट वाचणारा आणि सगळं घर हसवून पसाभर धान्य घेऊन जाणारा. वेशभूषेतला एवढा जाणता माणूस आपल्या गावावरून जात होता आणि आपण त्याला भिकारी समजलो. दाढी कशाने चिकटते? घामाने रंग ओघळू नये म्हणून काय लावायचं? जुन्या मळक्या कोटात फौजदाराचा रुबाब कुठून येतो? आधी वेश चढतो की आधी चाल बदलते? हे सगळं त्याला विचारा, वर्गात करून दाखवायला सांगा. बहुरूपी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. शाळेच्या पाहुण्यांच्या यादीत त्यांचं नाव मी अजून वाचलेलं नाही. त्याला खुर्ची द्या, शाल-नारळ द्या आणि बोलावलेल्या पाहुण्याला देता तेवढं मानधन द्या.

तर मुख्याध्यापकांनो, १२ जानेवारीच्या वेशभूषेचा निरोप डिसेंबर लागताच पाठवा. त्यात लिहा की पोशाख घरातल्या नाहीतर वर्गातल्या वस्तूंचाच हवा. भाड्याचा पोशाख घालून कोणी आलं तर त्या लेकराला स्टेजवर घ्या, टाळ्या वाजवा, पण बक्षिसाला धरू नका. परीक्षक म्हणून गावातली एक शिवणकाम करणारी बाई बोलवा आणि एक सुतार. त्यांनी प्रत्येक लेकराला विचारावं: यातलं तू स्वतः काय केलंस, कशापासून केलंस, कुठे बिघडलं आणि मग काय केलंस? शिवणकामवाल्या बाईंनी अंगरखा उलटा करून टाके बघावेत. वाकड्या टाक्याला गुण कापायचे नाहीत, लेकराच्या टाक्याला जास्तीचे द्यायचे. आणि ज्यांच्या घरी हाताखाली घ्यायला कोणीच नाही, त्यांच्यासाठी शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कापडाचं गाठोडं, सुयांचं पाकीट आणि खळीचं पातेलं ठेवा. ज्या शाळा हे करतील त्यांनी कळवावं. सुया आणि खळीचा मैदा माझ्याकडून, आणि शनिवारी मी स्वतः येते.